एकोणतीस दिवसांचा चेंजर

रवींद्रचा दिवस पहाटे तीन वाजून पन्नास मिनिटांनी सुरू व्हायचा. गजर तो लावायचा, पण वाजू द्यायचा नाही, कारण शेजारी बायको, शैला, झोपलेली असायची. साडेचारला अमेरिकेतल्या कोलंबस शहराच्या उत्तरेकडच्या एका गोदामात पोचायचं, दोनशे दहा वर्तमानपत्रं गुंडाळून रबर लावायचं, पाऊस असेल तर पिशवीत घालायची आणि साडेसहाच्या आत दोनशे दहा दारांपाशी टाकायची. बाकीचे चालत्या गाडीतून भिरकावत. रवींद्रचा पेपर ओल्या गवतात पडला तर तो गाडी थांबवून उतरायचा आणि उचलून पायरीवर ठेवायचा. उतरण्याचे वेगळे पैसे मिळत नसत. असं का करतोस, म्हणून मी एकदा विचारलं. म्हणाला, "ओलाच टाकायचा तर चारला उठायचं कशाला?"

सव्वाआठला तो डेलच्या दुकानात यायचा. डेलचं दुकान गाड्यांमध्ये म्युझिक सिस्टीम बसवायचं. गाडी आत घेऊन काम करायच्या चार जागा होत्या, त्यांना बे म्हणत. तिसरा बे माझा, चौथा रवींद्रचा. आम्ही दोघंच मराठी. ही दोन हजार सातची गोष्ट आहे. तेव्हा गाडीत सीडी वाजत.

रवींद्र मूळचा कुपवाडचा. आयटीआय इलेक्ट्रिशियन. एसटीच्या वर्कशॉपमध्ये चौदा वर्षं बसची वायरिंग केली. अमेरिकेतल्या बहिणीने त्याला इकडे आणायला अर्ज भरला होता, तो अकरा वर्षांनी मंजूर झाला, तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता. इथे आल्यावर बहीण म्हणाली, कोर्स कर, कॉम्प्युटरला लाग. तो म्हणाला, मला हाताचं येतं, हाताचंच करतो. बहिणीला ते आवडलं नाही. तिच्या घरी पाहुणे आले की ती सांगायची, भाऊ ऑटोमोबाइलमध्ये आहे.

त्याच्या कामाबद्दल थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. वायर बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्टीचं टोक तो सपाट कापायचा. तिरकं कापलं तर ते सुरीसारखं लागतं, आणि पुढे कधीतरी कुणाचा तरी हात तिथे जाणार असतो. पत्र्याला भोक पाडलं की आधी कड घासायची, मग रबरी कडी, मग वायर. काळी चिकटपट्टी त्याच्या बेमध्ये चालत नसे. काम झालं की तो डोळे मिटून सगळ्या वायरवरून हात फिरवायचा. कुठे काही टोचलं तर ते परत करायचा.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात शंतनू आला. पुण्याचा, तिशीतला, डब्लिनमध्ये कुठल्याशा कंपनीत सॉफ्टवेअरला. डब्लिन म्हणजे कोलंबसला लागूनच असलेलं गाव, आमच्या दुकानापासून पंधरा मिनिटांवर. त्याची चंदेरी सेडान जेमतेम वर्षाची होती. रवींद्रच्या शर्टावरचं नाव वाचून त्याने लगेच मराठी सुरू केलं.

"काका, आईबाबा येतायत पुढच्या शनिवारी. नायगारा, वॉशिंग्टन, स्मोकी माउंटन्स, सगळं ड्राइव्ह करणार आहे. बाबांचा कान एकदम तयार. मैफलींच्या सीडी घेऊन येतायत, एकेक मैफल तीन-तीन सीडींची. सारखं बदलत बसायला नको."

रवींद्रने त्याला काउंटरशी नेलं आणि तीन वस्तू समोर ठेवल्या. मी शेजारीच एक स्पीकर सोडवत होतो. सगळं ऐकलं.

"हा सहा सीडींचा, डॅशमध्ये बसतो. एकाच फटीतून सहाही सीडी गिळतो. एक अडकली तर सगळा डॅश उघडावा लागतो. तुमच्या गाडीत पुढची पट्टीही बदलावी लागेल. नको. हा दहा सीडींचा चेंजर, सीडी आपोआप बदलतो, डिकीत बसतो. घरी बसून ही मॅगझिनची डबी भरायची, दहा सीडी, आणि आत सरकवायची. पुढून बटणावर चालतो. वायर डिकीपासून पुढपर्यंत न्यावी लागते, म्हणून लेबर जास्त. आणि हा साधा प्लेयर. एमपीथ्री करून घेतलं तर एका सीडीत दहा तास मावतात. महिनाभरासाठीच हवं असेल तर हा घ्या. स्वस्तात होईल."

"कन्व्हर्ट कोण करणार, यार? आणि बाबांना क्वालिटी लागते. दहावालाच द्या. पैशाचा प्रश्न नाही. फक्त लेबरमध्ये आपल्या माणसाला बघा काहीतरी."

"लेबर डेल ठरवतो."

"अहो, तुमचा शेअर असेल ना त्यात. आपलेच म्हणून तर आलो तुमच्याकडे."

रवींद्रने स्वतःच्या वाट्यातले वीस डॉलर सोडले. चेंजरच्या किमतीवर शंतनूने एक शब्दही घासाघीस केली नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. वस्तूचे पैसे परत मिळतात. लेबरचे मिळत नाहीत.

दुसरीही एक गोष्ट होती. गाडी देताना तो म्हणाला, "काका, बॉक्स फेकू नका हं. आतलं थर्माकोल, पिशव्या, सगळं ठेवा. रिमोटवरचं प्लॅस्टिकही काढू नका." रवींद्रला माणूस टापटिपीचा वाटला. चेंजर प्रवासात हलू नये म्हणून कारखान्यात त्याला दोन लाल स्क्रू लावलेले असतात. बसवण्याआधी ते काढावे लागतात. रवींद्रने ते दोन्ही कागदात गुंडाळून बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवले. मला म्हणाला, "असं गिऱ्हाईक पाहिजे. वस्तूची किंमत असलेलं."

आमच्या लोकांची एक सवय मला माहीत होती, त्याला नव्हती. इथे दुकानं तीस दिवसांत माल परत घेतात. का, असं फारसं विचारत नाहीत. आईवडील भारतातून आले की व्हिडिओ कॅमेरा आणायचा, हवेच्या गाद्या आणायच्या, फिरायला जायचं तर तंबू आणायचा. महिना झाला, विमानतळावर सोडून आलं, की सगळं बॉक्समध्ये घालून परत. हे लोक चोर नाहीत. दिवाळीला मंडळात वर्गणी देतात, मुलांना शुभंकरोति शिकवतात. पार्टीत एकमेकांना सांगतातही, अरे आम्ही तर गेल्या वर्षीचा प्रोजेक्टर असाच केला. सगळे हसतात. मीही एकदा हसलोय. कॅमेरा परत केला तर फक्त कॅमेरा परत जातो. पण चेंजर परत केला, तर त्यामागे कुणीतरी चार तास गाडीखाली आणि सीटखाली घातलेले असतात, याचा विचार त्या हसण्यात नव्हता.

रवींद्रला चार तास वीस मिनिटं लागली. मागची सीट काढली, दाराच्या उंबऱ्याच्या पट्ट्या काढल्या, गालिचा उचलला. आवाजाची वायर एका बाजूने नेली, करंटची दुसऱ्या बाजूने, म्हणजे स्पीकरमध्ये इंजिनाची शीळ येत नाही. चेंजरच्या दोन्ही बाजूंना चकत्या असतात. यंत्र आडवं बसवलंय की उभं, त्याप्रमाणे त्या फिरवाव्या लागतात, नाहीतर खड्ड्यात गाणं तुटतं. डिकीचा तळ किंचित तिरका होता. रवींद्रने पत्र्याची पाचर कापून यंत्र पाण्याच्या पातळीत आणलं. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. जेवणाची सुट्टी त्यात गेली. शंतनू गाडी घ्यायला आला तेव्हा रवींद्रने त्याला बाजूला बसवून मागच्या रेल्वे फाटकावरून तीनदा नेलं. एकदाही आवाज तुटला नाही.

"मस्त, काका. मानलं," शंतनू म्हणाला.

एकोणतिसाव्या दिवशी तो परत आला. मंगळवार होता, रवींद्रच्या सुट्टीचा दिवस. तो मुद्दाम मंगळवारी आला का, ते मला ठाऊक नाही. काउंटरवर त्याने इंग्रजीत सांगितलं की गाणी मध्येच तुटतात, सीडी अडकते, आम्हाला सहलीत फार त्रास झाला. काउंटरवरच्या मुलीने लाल स्लिपवर ते लिहून घेतलं आणि गाडी माझ्याकडे पाठवली.

यंत्र मी काढलं. रवींद्रच्या पट्ट्या एकेक वितीवर होत्या, एकही सैल नव्हती. पाचरीवर त्याने गंज लागू नये म्हणून रंगाचा हात मारलेला होता. मी काढत असताना शंतनू बेच्या दाराशी उभा होता. मी मराठी आहे हे कळल्यावर जवळ आला.

"काका, मशीन झकास होतं हो. काही प्रॉब्लेम नाही. पण डिफेक्ट नाही सांगितलं तर पंधरा टक्के कापतात ना हे लोक."

"आणि ज्याने बसवलं त्याचं काय?"

"त्यांचं काय? त्यांचं लेबर तर मी दिलं."

मग त्याने बॉक्स उघडला. थर्माकोल, पिशव्या, रिमोटवरचं प्लॅस्टिक, सगळं जागच्या जागी. झाकणाला चिकटवलेले दोन लाल स्क्रूसुद्धा. त्याने मला ते काढून दिले, लावायला. मी लावले. स्लिपवर काढणाऱ्याची सही लागते. मी सही केली. त्याबद्दल मला आजही स्वतःची चीड येते.

आता स्लिपचं सांगतो. डेलने नियम फळ्यावर लिहून ठेवला होता. लाल स्लिपवर बसवणाऱ्याचा नंबर पडतो. यंत्र कंपनीकडे तपासायला जातं. तिथे बिघाड सापडला तर स्लिप रद्द. यंत्र चांगलं निघालं तर चूक बसवणाऱ्याची. वर्षात अशा तीन स्लिपा झाल्या की बे जातो. माणूस मागच्या गोदामात खोकी उतरवायला लागतो आणि त्याची हत्यारं कपाटात जातात. रवींद्रच्या नावावर दोन होत्या. फेब्रुवारीतली अशीच एका गिऱ्हाइकाच्या सांगण्यावर पडलेली. मेमधली त्याची खरी चूक होती, फ्यूज सैल राहिला होता. तो स्वतः डेलकडे जाऊन म्हणाला होता, ही माझी. ही तिसरी. आणि या वेळी यंत्र चांगलं निघणार हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. यंत्र चांगलं, म्हणजे हात वाईट.

मी डेलकडे गेलो. शंतनूने मला काय सांगितलं ते त्याला सांगितलं.

डेल म्हणाला, "काउंटरवर इंग्रजीत सांगितलं ते माझ्याकडे लिहिलेलं आहे. तुला तुमच्या भाषेत काय सांगितलं, ते मी कुठे लिहू? तू आणि रवी एकाच गावचे."

एका गावचे नव्हतो, पण तो वाद घालण्यात अर्थ नव्हता.

बुधवारी रवींद्रने स्लिप वाचली. बेसिनपाशी गेला आणि बराच वेळ हात धूत राहिला. त्याचे हात स्वच्छ होते. मग म्हणाला, "रविवारी येतोस माझ्याबरोबर?"

शंतनूचं घर नव्या वसाहतीत होतं. दार त्याच्या बायकोने, आसावरीने, उघडलं. आम्ही कोण ते कळल्यावर जरा गडबडली, पण आत बोलावलं, चहा टाकला. हॉलमध्ये दोन मोठ्या बॅगा उघड्या होत्या. आईवडील गुरुवारी परत जाणार होते. वडील सोफ्यावर बसले होते. निवृत्त बँक मॅनेजर, पांढराशुभ्र लेंगा-सदरा. शंतनू वर अंघोळीला गेला होता.

"म्हणजे चेंजर बसवणारे तुम्हीच?" वडील उठून उभे राहिले. "अहो, या, बसा. काय काम केलंय तुम्ही. तीन हजार मैल फिरलो. स्मोकीचे ते घाट, ती वळणं, पण एक सूर तुटला नाही. मी शंतनूला म्हटलं, पुण्यात आपल्या घरी नाही असा आवाज."

"एकदाही तुटला नाही?" रवींद्रने विचारलं.

"एकदाही नाही. शप्पथ. विचारा हिला." आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "खरंच हो, झोप लागायची इतकं छान."

शंतनू जिन्यावर येऊन उभा राहिला होता. त्याने आम्हाला पाहिलं आणि म्हणाला, "काका, गॅरेजमध्ये येता का जरा?"

गॅरेजमध्ये चंदेरी गाडी होती. रवींद्रने खिशातून कागद काढला. इंग्रजीत दोनच ओळी होत्या, शेजारच्या एका मुलाकडून लिहून घेतलेल्या. बसवण्याच्या कामात काही दोष नव्हता, आवाज तुटला नाही. खाली सहीला जागा.

"एवढी सही करा."

"काका, असं कसं लिहून देऊ? मी आधी डिफेक्ट सांगितलंय. आता नाही म्हटलं तर तो रिफंड फ्रॉड होतो. माझं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे. रिस्क नाही घेऊ शकत."

"माझा बे जाईल."

"मी बोलू का तुमच्या मॅनेजरशी? फोनवर? लेखी नको, फक्त."

"त्याला लेखी लागतं. तुम्ही सांगितलेलं त्याच्याकडे लेखी आहे."

शंतनूने पाकीट काढलं. दोन वीसच्या नोटा पुढे केल्या. "हे ठेवा. तुम्ही डिस्काउंट दिला होता, त्याच्या डबल."

रवींद्र नोटांकडे बघत राहिला. मी त्याच्याबरोबर सहा वर्षं काम केलं होतं, पण त्याचा असा चेहरा कधी पाहिला नव्हता. "ते आत ठेव," तो म्हणाला. गिऱ्हाइकाला तो कधी अरेतुरे करत नसे. "आत ठेव आणि परत काढू नकोस."

दारात वडील येऊन उभे होते. त्यांनी किती ऐकलं होतं माहीत नाही. बहुतेक सगळंच.

"काका," रवींद्र त्यांच्याकडे वळला, "आत्ता तुम्ही मला काय सांगितलं? तुम्ही करा सही. गाडीत तुम्ही बसला होतात. तुमचं ग्रीन कार्ड नाही."

वडिलांनी मुलाकडे पाहिलं. मग जमिनीकडे. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला.

"नाही म्हणजे, मला कुठे एवढं कळतं? वय झालं. कान पूर्वीसारखे राहिले नाहीत. तुटतही असेल थोडा. मुलगा चालवत होता, त्याला जास्त माहीत."

"आत्ता शप्पथ म्हणालात."

"अहो, बोलण्याची पद्धत असते ती. जाऊ द्या ना. पोराचं सगळं भविष्य आहे इथे. तुम्हीही मुलाबाळांचे आहात."

रवींद्रने कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. वडिलांना म्हणाला, "पोराने खोटं सांगितलं ते पंधरा टक्क्यांसाठी. तुम्ही तर फुकट सांगितलंत." आसावरीने चहा आणला होता. कप तसेच राहिले.

परतताना गाडी मी चालवत होतो. मला बोलायचं होतं, त्या लोकांना शिव्या घालायच्या होत्या. रवींद्र खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, "पातळी बघून बसवला होता मी तो."

सोमवारी सकाळी तो डेलपुढे उभा राहिला. मी दारातच होतो.

"यंत्र कंपनीकडे गेलं?"

"शुक्रवारी ट्रक येईल."

"नाही गेलं तर?"

डेलने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "नाही गेलं तर क्लेम होत नाही. क्लेम नाही, तर स्लिपला नंबर नाही. पण मी ते शेल्फवर ठेवून काय करू? विकलं तर विकलं. तेही पूर्ण किमतीला. सवलतीत दिलं तर मला कारण लिहावं लागतं, आणि कारण म्हणजे ती स्लिप." मग तो म्हणाला, "तू चांगलं काम करतोस हे मला ठाऊक आहे, रवी. स्लिपला ठाऊक नाही."

"मी घेतो."

"कशाला? तुझ्या त्या गाडीला रेडिओसुद्धा नाही."

"मी घेतो म्हणालो ना."

मी त्याला बाहेर गाठलं. म्हटलं, निम्मे माझे धर, सही मी केली होती. तो म्हणाला, "तू काम केलं नव्हतंस. मी केलं होतं." मी पुन्हा म्हटलं तेव्हा त्याला राग आला, माझा. आठवडाभर तो माझ्याशी नीट बोलला नाही. ते मी समजू शकलो.

शैलाला त्याने काय सांगितलं मला माहीत नाही. ती एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात भांडी घासायची आणि त्या महिन्यात ती दोघं पोरासाठी सेकंडहँड टेबल बघत होती. टेबल त्या महिन्यात आलं नाही. मुलगा स्वयंपाकाच्या ओट्यावर अभ्यास करत राहिला.

बे त्याचा राहिला. पुढे नऊ वर्षं तो चौथ्या बेमध्येच होता, दुकान बंद होईपर्यंत, आणि त्यानंतर त्याच्या नावावर एकही लाल स्लिप पडली नाही. शंतनूला ग्रीन कार्ड मिळालं असणार. मंडळाच्या गणपतीत तो मला दोनदा दिसला. दोन्ही वेळा त्याने हसून हात केला. मी केला नाही.

त्या शुक्रवारी, ट्रक यायच्या आत, पगार झाला तसा रवींद्र काउंटरवर गेला आणि रोख पैसे मोजले. पावती त्याने माझ्यासमोर घडी घातली, म्हणून मी पाहिली. दहा सीडींचा चेंजर, नग एक, पूर्ण किंमत. त्याखाली कर. त्याखाली लेबर, आणि तिथे डेलने शून्य टाकलं होतं. बारा पहाटांच्या पेपरांचे पैसे त्यात गेले.